पहिल्या संघाचे सात

फाटकाचा गार गज हाताला लागला तेव्हा एवारिस्तोच्या लक्षात आलं, की आपण शाळेपाशी येऊन उभे राहिलो आहोत. रविवार होता. दुपारचे तीन वाजत आले होते. फाटकाला कुलूप होतं आणि आतल्या पटांगणात कुणीतरी विसरलेला एक निळा स्वेटर झोपाळ्याच्या दांडीवर लोंबत होता. या शाळेतून निवृत्त होऊन त्याला आठ वर्षं झाली होती. तो घरून निघाला होता स्टेडियमकडे जायला, आणि स्टेडियम होतं नदीपलीकडे. पूल ओलांडायचा होता; तो त्याने ओलांडलाच नव्हता. डावीकडे वळायच्या जागी पाय उजवीकडे वळले होते, चढ चढले होते, पाववाल्याच्या दुकानासमोर नेहमीसारखे जरा थबकलेही असतील, आणि यातलं काही म्हणजे काही त्याला आठवत नव्हतं. त्याच वेळी खिशातला फोन वाजला. विसी होती, त्याची बायको. "पोचलास का रे?" तिने विचारलं. "पोचलो," तो म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावर त्याला स्वतःचंच नवल वाटलं. चाळीस वर्षांच्या संसारात इतक्या सहज, इतक्या बिनकामाचं खोटं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. "सूर्यफुलाच्या बिया घेऊन जा म्हटलं होतं, त्या टेबलावरच आहेत," विसी म्हणाली. "आता काय कुरतडणार? नखं?" तो हसला, फोन ठेवला, आणि गज सोडून मागे फिरला.

पुलावरून जाताना त्याने स्वतःला समजावलं, की सवय म्हणजे दुसरं काय असतं. चौतीस वर्षं रोज शाळेची तीच वाट चालली, पायांनी लक्षात ठेवली. पण आईचंही असंच सुरू झालं होतं. एक दिवस तिने जेवायला तीन ताटं मांडली, घरात दोघंच असताना. "तिसरं कुणाचं गं?" त्याने विचारलं, तर तिने अपराध्यासारखं हसून ते उचललं आणि म्हणाली, "मोजण्यात चुकलं बघ." त्या वेळी तोही हसला होता. त्यानंतर दोन वर्षांत ती त्याला मामाच्या नावाने हाक मारायला लागली. एवारिस्तोला आता त्या हसण्याची लाज वाटली, आणि भीतीही. पण पुलावर भीती बाळगायला उसंत नव्हती. सगळं तोर्रेमाल्वा गाव रस्त्यावर उतरलं होतं. गॅलरी-गॅलरीतून लाल चादरी, लाल टॉवेल, जे सापडेल ते लाल लटकवलेलं. ज्याला त्याला त्याने गुणाकार शिकवलेला होता. "मास्तर, आज चढायचं ना वर?" मासळीवाली एन्कार्ना ओरडली. "तू आधी आठाचा पाढा म्हणून दाखव," तो म्हणाला, आणि तिच्याबरोबरची माणसं खो खो हसली. एकतीस वर्षं गावची फुटबॉल टीम, उनियोन, दुसऱ्या श्रेणीत पडून होती. वर्गात त्याने ज्यांना बोट धरून लिहायला शिकवलं, त्यांची मुलं मिशा फुटेपर्यंत मोठी झाली, तरी पहिल्या श्रेणीचा सामना या गावाने दूरदर्शनवरच पाहिला. पहिले दोन संघ आपसूक वर जात. मग तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या चौघांनी एका जागेसाठी मोसमाच्या शेवटी एकमेकांच्या उरावर बसायचं. उनियोन चौथी आली होती, दक्षिणेकडचा आल्मिरेस सहावा. अंतिम फेरीचा पहिला सामना त्यांच्या गावात झाला, तो उनियोन दोन-एकने हरली होती. आज इथे दुसरा. दोन्ही मिळून बरोबरी झाली आणि जादा वेळातही ती तशीच राहिली, तर पेनल्टीबिनल्टीची भानगड नाही. वर्षभरात जो वरच्या क्रमांकावर राहिला तो जिंकला. एवारिस्तोला हा नियम मनापासून आवडे. वर्षभर नेमाने अभ्यास केला त्याला शेवटच्या दिवशी चार गुण जास्त.

उनियोनचा प्रतिनिधी म्हणून तो बाकावर बसू लागला त्याला आता सहा वर्षं झाली होती. प्रतिनिधी म्हणजे संघातला कारकून, असं तो स्वतःच म्हणे. सामन्याआधी खेळाडूंची यादी पंचांना द्यायची, त्यांची ओळखपत्रं सांभाळायची, बदली करायची असली की चिठ्ठी लिहून चौथ्या पंचाच्या हातात ठेवायची. आणि मोजायचं. या देशात एक गोष्ट बाकावरच्या प्रत्येकाला माहीत असते आणि ऐन वेळी जो तो विसरतो: मैदानावरच्या अकरांत कुठल्याही क्षणी निदान सात जण पहिल्या संघाचे हवेत. पंचवीसपर्यंतचे नंबर पहिल्या संघाचे, सव्विसापासून पुढचे धाकट्या संघातले उसने. सातांचे सहा झाले आणि समोरच्याने तक्रार केली, की मैदानात कमावलेलं सगळं बुधवारी समितीच्या टेबलावर गमवायचं. बाकीच्या मोसमात याची कुणाला फिकीर नसे. पण उपांत्य फेरीत तिघे जायबंदी झाले होते, दोघांवर बंदी आली होती, आणि आज कपडे बदलायच्या खोलीत एवारिस्तोने पाहिलं तर धाकट्यांचीच गर्दी. "मास्तर, उशीर?" पास्कुआल म्हणाला. "अंगठे धरून उभे राहा कोपऱ्यात." पास्कुआल राखीव गोलकीपर. छत्तीस वर्षांचा, नऊ वर्षं क्लबात, आणि या नऊ वर्षांत लीगमध्ये मोजून चार सामने खेळलेला. बाकीचा वेळ त्याने बाकावर बसून सगळ्यांना हसवण्यात घालवला होता. "वाट चुकलो," एवारिस्तो म्हणाला. सगळे हसले. खरं बोललं की कुणाचा विश्वास बसत नाही, हे मास्तरकीतलं जुनं शहाणपण होतं.

सामना सुरू झाला आणि त्याच्या मनातली ती भीतीची गार सळई हळूहळू विरघळत गेली. बाकावर बसलं की त्याला बरं वाटे. समोर हिरवळ, तिच्यावर रेघा आखलेल्या, माणसांच्या पाठीवर आकडे. याहून स्वच्छ असा फळा त्याला शाळेतही मिळाला नव्हता. तो मोजत राही, कुणाला न कळता, बोटंही न हलवता. श्वास मोजावा तसं. मोजण्यावर त्याचा भरवसा होता आणि त्या भरवशाला कारण होतं. एकदा सहलीला तो दुसरीच्या अठ्ठावीस मुलांना दीपगृह दाखवायला घेऊन गेला. परतताना बसपाशी मोजली तर एकोणतीस. पुन्हा मोजली, पुन्हा एकोणतीस. बसवाला म्हणाला, "मास्तर, कमी भरली तर घोर लावावा, जास्त भरल्यावर कसली चिंता? चढा." बरोबरच्या बाईही म्हणाल्या, "तुमचंच चुकत असेल." पण त्याने बस सोडू दिली नाही. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत, नाव घेत तो पुढे गेला, आणि रांगेच्या मध्यात त्याचा हात एका लाल रिबिनीवर थांबला. या पोरीचं नावच त्याला येईना. ती भलत्याच शाळेची होती. "आमच्या बाईंनी नुसतं पावचीज आणलंय," तिने शांतपणे सांगितलं, "तुमच्याकडे चोरिथो सॉसेज आहे." विसीला ही गोष्ट त्याने इतक्यांदा सांगितली होती, की ती शेवटचं वाक्य त्याच्या आधी म्हणे. पण त्याच्या लेखी ती हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. जग एकीकडे आणि आपली मोजणी एकीकडे, असं झालं तरी मोजणीला चिकटून राहायचं, एवढं त्या दिवशी त्याला कळलं होतं.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला दहा नंबरने गोल केला. स्टेडियमचं छत उडून जातंय की काय, असा आवाज झाला. एवारिस्तोच्या चष्म्यावर कुणाचीतरी बिअर उडाली. दोन्ही सामने मिळून दोन-दोन. नव्वद मिनिटं संपली, जादा वेळ लागला. आता काही करायचं नव्हतं, फक्त टिकायचं होतं. आणि टिकणं हेच जगातलं सगळ्यात अवघड काम असतं, हे मुलांना परीक्षेच्या शेवटच्या अर्ध्या तासात सांगून सांगून तो थकला होता. उन्हं अजून होती, उत्तरेकडच्या जूनमधली लांबलेली, पिवळी. मुलं दमली होती. धाकट्यांतल्या एकाच्या पायात गोळे आले, त्याच्या जागी दुसरा धाकटाच गेला. मग एकशे बाराव्या मिनिटाला बचावातला गोर्का, पाच नंबरवाला, उंच उडाला, खाली आला आणि उठला तो एका पायावर. मांडीला मागून हात धरून त्याने बाकाकडे पाहिलं आणि मान हलवली.

प्रशिक्षक रोब्लेदो वळला. सगळा देश प्रशिक्षकाला मिस्टर म्हणतो, एवारिस्तोही म्हणे, जरी हा मिस्टर त्याच्या थोरल्या मुलाच्या वयाचा होता. "आदुर, ऊठ! मास्तर, तेहतीस आत, पाच बाहेर. चिठ्ठी, लवकर!"

एवारिस्तोने पेन उघडलं आणि त्याच क्षणी त्याचा आकडा आपोआप समोर आला. "नाही चालणार, मिस्टर. सहाच उरतात."

"सहा कुठून? चेमा!"

सहायक चेमा मैदानाकडे तोंड करून बोटांवर मोजू लागला. "एक, तीन, पाच, आठ, दहा, चौदा, बावीस. सात आहेत की, मास्तर! झोपलात काय?"

एवारिस्तोने मैदानाकडे पाहिलं. त्यानेही मोजलं. एक, तीन, पाच. आठ, दहा. चौदा. बावीस. सात. आणि त्या फाटकाच्या गजाचा गारपणा पुन्हा तळहातातून वर चढला, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. आत्ता एका क्षणापूर्वी सहा होते. स्वच्छ, खडूने लिहिल्यासारखे सहा. आता सात होते, तेही तितकेच स्वच्छ. यातलं कुठलं तरी एक खोटं होतं, आणि ते त्याच्याच डोक्यातून आलं होतं. आईने ताट उचलताना असंच पाहिलं असेल का? टेबलावर तीन ताटं तिला दिसत होती, तीन माणसंही दिसत असतील. मुलगा दोन म्हणतो म्हणून तिने एक उचललं. मग चेमा सात म्हणतो म्हणून आपण चिठ्ठी लिहायची? चेमा तिशीतला, खणखणीत, त्याला कधी वाट चुकताना कुणी पाहिलं नव्हतं. आजूबाजूला चौदा हजार माणसं उभी राहून ओरडत होती आणि त्यातलं प्रत्येक माणूस एकतीस वर्षं वाट बघत होतं.

"द्या ती वही इकडे," रोब्लेदो म्हणाला. त्याचा चेहरा घामाने आणि संतापाने चमकत होता. "वय झालंय तुमचं. मी लिहितो."

एवारिस्तोने वही मांडीखाली सारली आणि तिच्यावर बसला. आपण असं का केलं हे त्यालाही कळलं नाही. वर्गातली द्वाड पोरं जप्त होणारी वस्तू अशीच ढुंगणाखाली दडवायची. बाकावरच्या दोघातिघांना हसू आलं, रोब्लेदोने एक सणसणीत शिवी हासडली, ज्यात मास्तरच्या वहीचाही उद्धार झाला. पण पाच सेकंद मिळाले, आणि मास्तराला पाच सेकंद पुष्कळ असतात. घाई झालेल्या मुलाला उत्तर येत नाही. त्याला आधी शांत करायचं असतं. आता ते मूल तो स्वतःच होता. हं, सांग, तो स्वतःला म्हणाला. पहिल्यांदा मोजलंस तेव्हा कुठे बघत होतास? वहीकडे. दुसऱ्यांदा? मैदानाकडे. मैदानावर काय दिसलं? आणि त्याला वजाबाकीचा पहिला तास आठवला. सात मुलांना फळ्यापाशी उभं करायचं आणि एकीला सांगायचं, तू घरी जा गं. ती निघायची, दारापर्यंत जायची आणि दारातच वळून उभी राहायची, कारण घरी जायचं ते खोटं-खोटं असतं हे तिलाही ठाऊक असायचं. मग वर्गाला विचारायचं, आता किती? अर्धा वर्ग ओरडायचा, सात! मुलं चुकत नसत. दारातली मुलगी त्यांना डोळ्यांनी दिसत असे, आणि जे दिसतं ते मोजायचं असंच त्यांना आजवर शिकवलेलं असे. जाणारा नजरेआड होईपर्यंत तो गेलेला नसतो. हे कळायला एखाद्या मुलाला आठवडा लागे, एखाद्याला एकच क्षण, आणि त्या क्षणी चेहऱ्यावर जे उमटे ते पाहण्यासाठी चौतीस वर्षं नोकरी करावी, असं ते होतं. गोर्का बाजूच्या रेघेपाशी लंगडत उभा होता. पाच.

"चेमा," एवारिस्तो म्हणाला. त्याचा आवाज इतका शांत होता, की रोब्लेदोही थांबला. "पाच धरलास तू. पाच तर चाललाय."

चेमाने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग तिसरं बोट मिटलं. "आयला," तो म्हणाला.

"पोरगा आत गेला तर वर चढू," एवारिस्तो म्हणाला, "आणि बुधवारी पुन्हा खाली येऊ."

रोब्लेदोने आदुरकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारच्या दोघा धाकट्यांकडे. सगळ्यांच्या पाठीवर तिसाच्या वरचे आकडे. पंच घड्याळाकडे बोट दाखवत होते. "मग दहा जणांनिशी खेळू? त्या लंगड्याला उभा ठेवू? आहे कोण माझ्याकडे पंचवीसच्या आतला?"

"तेरा," एवारिस्तो म्हणाला.

सगळ्यांनी वळून पास्कुआलकडे पाहिलं. पास्कुआल बिया खात होता. त्याने टरफल थुंकलं. "मी?" तो म्हणाला. "आमचा गोली धडधाकट आहे की."

"गोलात नाही. बाहेर."

"माझी आई स्टँडमध्ये बसलीये, मास्तर. तिला हार्टचा त्रास आहे." पण बोलता बोलता तो हातमोजे काढत होता. साहित्य सांभाळणाऱ्याने पेटीत तळापर्यंत हात घालून तेरा नंबरचा लाल शर्ट ओढून काढला. गोलकीपरसाठी असा एक शर्ट नियमाप्रमाणे बरोबर ठेवतात, आणि तो कधी कुणी घालत नाही. घडी इतकी जुनी होती, की पास्कुआलच्या छातीवर तिचा क्रूस उमटला. एवारिस्तोने वही काढली, लिहिलं: तेरा आत, पाच बाहेर. अक्षर नेहमीसारखं गोल आणि सरळ आलं. चौथ्या पंचाने चिठ्ठी वाचली, पास्कुआलच्या पोटाकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठी वाचली.

आधी हशा पिकला. आल्मिरेसच्या कोपऱ्यातून हजारभर माणसं टाळ्या पिटायला लागली. मग उनियोनच्या लोकांना कळलं कोण आत आलंय, आणि सगळं स्टेडियम त्याचं नाव घेऊ लागलं. आठ मिनिटं. एवारिस्तोला आता चेंडू दिसतच नव्हता, तो फक्त पास्कुआलचे हात बघत होता. ही धास्ती त्याच्या ध्यानात चिठ्ठी दिल्यावर आली. नऊ वर्षं, त्याआधी वीस वर्षं, चेंडू आला की हात वर करायचे एवढंच हा माणूस शिकला होता. आता तो स्वतःच्या गोलासमोर उभा होता, आणि चेंडू हाताला नुसता लागला तरी पेनल्टी. चेमा, रोब्लेदो, कुणाच्याच हे लक्षात आलेलं दिसत नव्हतं. त्याने सांगितलं नाही. बरोबर उत्तर दिल्यावरही एखादा शिक्षक असा घाबरा होतो; उत्तर बरोबर असतं, पण आता ते पोराने जगायचं असतं. पहिली कॉर्नर किक आली तेव्हा पास्कुआलचे खांदे उचलले गेले. एवारिस्तोने श्वास रोखला. मग त्याने पाहिलं, की पास्कुआलने दोन्ही मुठींत स्वतःच्या चड्डीच्या कडा गच्च धरल्या आहेत, सू लागलेल्या पोरासारख्या. तसाच, चड्डी धरून, तो उडाला आणि चेंडू त्याच्या टकलावरून बाहेर गेला. दुसरी कॉर्नर. पुन्हा तसंच. पडला, उठला, चड्डी सोडली नाही. तिसऱ्या वेळी चेंडू त्याच्या तोंडावर बसला, नाकातून रक्त आलं, तरी हात खालीच. "बघा माझा गोली!" रोब्लेदो ओरडत होता, कुणाला उद्देशून कोण जाणे. "बघा!" त्याने नकळत एवारिस्तोचा दंड धरला होता आणि तो इतका आवळला होता, की उद्या तिथे निळं पडणार होतं.

शिट्टी झाली ती एवारिस्तोला ऐकू आली नाही. बाक एकदम रिकामा झाला म्हणून कळलं. कठड्यांवरून माणसं मैदानात ओतली जात होती, लाल शर्टांच्या गर्दीत पास्कुआल आडवा उचलला गेला होता आणि एक जाडजूड म्हातारी त्याचं नाक स्वतःच्या रुमालाने दाबत त्याला रागावत होती. रोब्लेदो धावता धावता मागे फिरला, एवारिस्तोसमोर उभा राहिला, आणि त्याच्या डोक्याचा मुका घेऊन पुन्हा पळाला. एवारिस्तो बसूनच होता. त्याला जिंकल्यासारखं वाटत होतं, नक्कीच वाटत होतं; पण त्याच्याखाली, तळाशी, ते सात अजून पडून होते. मी सात पाहिले. सहा पाहिल्यावर सात पाहिले. त्याला वाटलं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

"अभिनंदन, मास्तर."

आल्मिरेसची प्रतिनिधी रेमे होती. चाळिशीची, चटपटीत, दोन्ही सामन्यांना दोघं याद्यांची देवाणघेवाण करताना चार शब्द बोलले होते. डोळे लाल झाले होते पण हसत होती. हातात एक घडी घातलेला कागद होता.

"वाईट वाटतंय गं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत होतं.

"वाटू दे. मला अजून वाईट वाटतंय." तिने कागद उलगडून दाखवला. तक्रारीचा नमुना होता. क्लबाची नावं, तारीख, सगळं भरलेलं, फक्त मिनिटाची जागा कोरी. "तुमचा तो तेहतीस नंबर उठला ना, तेव्हा काढून ठेवला होता मी. देवाची करुणा भाकत होते, या म्हातारबाबांना चिठ्ठी लिहू दे म्हणून. सहा होणार होते तुमचे."

"सहा," तो म्हणाला.

"किती वेळा मोजलंत?"

"दोनदा. दुसऱ्यांदा सात आले."

रेमे मोठ्याने हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "माझेही! तो लंगडा तिथेच उभा होता ना मेला. मी म्हटलं, संपलं, गेली आपली तक्रार. मग तिसऱ्यांदा मोजलं."

एवारिस्तोने पाण्याच्या बाटल्या बाजूला सारून बाकावर तिला जागा करून दिली. ती बसली. समोर सगळं गाव हिरवळीवर नाचत होतं. आखलेली एकही रेघ आता दिसत नव्हती.

"ते बघा," रेमे म्हणाली, "आता मोजून दाखवा."

"छे," तो म्हणाला आणि पाय लांब करून निवांत बसला. "आता कशाला?"